इमारत-परीक्षकाचे व्यावसायिक प्रमाणपत्र आणि त्याचे मोल : दहिसर व मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

‘ऑडिट’ हा शब्द मराठी माणसाच्या व्यवहारात आला तो हिशेबाच्या वह्यांसोबत. पतपेढी, ग्राहक भांडार, गृहनिर्माण संस्था यांचे जमाखर्च तपासून सही करणारा तो ऑडिटर, असा त्याचा रूढ अर्थ होता. गेल्या दोन दशकांत मुंबईच्या उपनगरांत या शब्दाला दुसरा अर्थ जोडला गेला आहे. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आता दोन ऑडिट येतात. एक हिशेबाचे, दुसरे इमारतीचे. पहिल्यात चूक झाली तर पैसा बुडतो, दुसऱ्यात चूक झाली तर माणसे दगावतात. असे असूनही ज्याच्या सहीने हिशेब ग्राह्य ठरतो त्या सनदी लेखापालाची पात्रता, परीक्षा आणि शिस्त यांची व्यवस्था १९४९ च्या केंद्रीय अधिनियमाने लावून दिलेली आहे. ज्याच्या सहीने इमारत राहण्यास योग्य ठरते त्या अभियंत्यासाठी मात्र असा केंद्रीय कायदा आजही अस्तित्वात नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा अधिनियम आहे, अभियंत्यांसाठी नाही. अभियंत्यांच्या विधेयकाचे मसुदे या शतकाच्या आरंभापासून चर्चेत आले, पण त्यांतून कायदा झाला नाही.

या पार्श्वभूमीवर इमारतीची तपासणी करणाऱ्या व्यक्तीकडे असलेल्या व्यावसायिक प्रमाणपत्राचे नेमके मोल काय, हा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा राहत नाही. सहकार, विधी, लोकप्रशासन आणि उच्च शिक्षण या चारही क्षेत्रांशी त्याचा संबंध पोहोचतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार मुंबईच्या उत्तर टोकावरील दहिसर हे उपनगर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

दोन कागदांतील भेद

या विषयावरील चर्चेत दोन वेगळ्या कागदांची सरमिसळ होते. एक कागद माणसाविषयी असतो. अमुक व्यक्तीने अमुक शिक्षण घेतले आहे, तिला इतका अनुभव आहे आणि महानगरपालिकेने तिची संरचना अभियंता म्हणून नोंद केली आहे, असे तो सांगतो. दुसरा कागद इमारतीविषयी असतो. अमुक इमारत अमुक तारखेला तपासली असता ती वापरास योग्य, दुरुस्तीयोग्य अथवा पाडण्यायोग्य आढळली, असे त्यात नमूद असते. दुसऱ्या कागदाला जी काही किंमत येते ती पहिल्याच्या आधारावर येते. सभासदांच्या हाती पडतो तो दुसरा. पहिला त्यांनी पाहिलेलाच नसतो. क्रमांक आणि शिक्का असला की कागद पक्का, ही आपल्याकडील जुनी समजूत येथे फार महागात पडू शकते.

कायद्याची मागणी मुख्यतः दुसऱ्या कागदाची आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये २००९ साली कलम ३५३ ब समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार बांधकामपूर्तीचा दाखला, भोगवटा परवानगी किंवा किमान निम्म्या क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर यांपैकी जे आधी घडले असेल तेव्हापासून ३० वर्षे उलटलेल्या इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने पालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याकडून ती तपासून घेऊन स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते आणि पुढे दर १० वर्षांनी त्याची पुनरावृत्ती करावयाची असते. राज्यातील अन्य महानगरपालिकांच्या अधिनियमात कलम २६५ अ हे त्याच धर्तीचे आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी याहून कडक आहेत. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर ३ वर्षांनी करावे, असे ते सांगतात. एकाच इमारतीला एका नियमाने १० वर्षे आणि दुसऱ्याने ३ वर्षे, ही तफावत प्रत्यक्षात कशी मिटते हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही. बहुतेक ठिकाणी पालिकेची नोटीस आल्यावरच ती मिटते.

दहिसरची परिस्थिती

दहिसरचा समावेश बृहन्मुंबईच्या हद्दीत १९५७ मध्ये झाला. नवागाव, कांदरपाडा, रावळपाडा, केतकीपाडा ही नावेच मूळ वस्तीचे स्वरूप सांगतात. शहर उत्तरेकडे वाढत गेले तसे १९७० च्या दशकापासून येथे तीन-चार मजली, उद्वाहन नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या आणि गिरगाव-परळ सोडून आलेल्या नोकरदार कुटुंबांनी त्यांत सदनिका घेतल्या. या पिढीच्या इमारती आज तिशी-चाळिशी ओलांडून गेल्या आहेत. पश्चिमेस खाडी व खारफुटी, मधून वाहणारी दहिसर नदी, वर्षातील चार महिने धो धो पाऊस. लोखंड गंजण्यास याहून अनुकूल स्थिती शोधावी लागणार नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात या नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले होते, हेही विसरता येत नाही.

येथे एक संस्थात्मक फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. मुंबई शहर बेटावर, म्हणजे माहीम-शीवपर्यंत, उपकरप्राप्त इमारतींची व्यवस्था आहे. त्या इमारतींचे पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण करणे आणि त्यांची दुरुस्ती पाहणे ही म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची जबाबदारी असते. उपनगरांना ही व्यवस्था लागू नाही. गिरगावातील भाडेकरूकडे मंडळाचा अभियंता येतो. दहिसरच्या संस्थेला आपला अभियंता आपणच शोधावा लागतो. पालिकेच्या आर-उत्तर विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने खात्याचे अभियंते पाहणी करतात, नोटिसा देतात, अतिधोकादायक इमारतींची यादी तयार करतात. परंतु प्रत्येक खांबाची चाचणी घेणे हे त्यांचे काम नव्हे आणि तेवढे मनुष्यबळही कोणत्याच विभाग कार्यालयाकडे नसते. म्हणून उपनगरात खासगी परीक्षकाच्या सहीवर जेवढा भार आहे तेवढा शहर बेटावरही नाही.

त्यातच दहिसरमधील विमानतळ प्राधिकरणाच्या रेडिओ केंद्रामुळे आसपासच्या इमारतींच्या उंचीवर दीर्घकाळ मर्यादा राहिली. उंची मिळत नाही, म्हणून विकासक फिरकत नाही. विकासक नाही, म्हणून जुनी इमारत आणखी काही वर्षे काढते. ‘आणखी काही वर्षे काढता येतील’ हे शब्द ज्या अहवालात लिहिले जातात, तो अहवाल लिहिणाऱ्याची पात्रता हा अशा परिसरात जिवाचा प्रश्न ठरतो.

परवाना कशाचा मिळतो?

मुंबईत संरचना अभियंत्याची नोंदणी करण्यासाठी लागणारी पात्रता विकास नियंत्रण नियमावलीत दिलेली आहे. १९९१ च्या नियमावलीने घातलेला साचा पुढेही फारसा बदललेला नाही. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी किंवा इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेचे स्थापत्य शाखेतील सदस्यत्व, आणि त्यासोबत संरचना आरेखन व प्रत्यक्ष बांधकाम यांतील किमान ३ वर्षांचा अनुभव, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना अनुभवाच्या अटीत सवलत मिळते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आणि १९३५ मध्ये राजसनद मिळालेल्या या संस्थेचे ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हे प्रमाणपत्रही व्यवसायात प्रतिष्ठेचे मानले जाते.

ही पात्रता बारकाईने वाचल्यास एक गोष्ट चटकन लक्षात येते. ती आरेखनकाराची पात्रता आहे. नव्या इमारतीचे खांब किती जाडीचे असावेत, त्यांत किती सळ्या घालाव्यात, हे ठरवणाऱ्या माणसाची कसोटी त्यात घेतली आहे. जुन्या इमारतीत गंज कोठवर गेला, तुळईवरची भेग वजनाने पडली की केवळ प्लास्टर आकसल्याने, हे ओळखण्याची कसोटी त्यात स्वतंत्रपणे घेतलेली नाही. प्रसूतिशास्त्र आणि वार्धक्यचिकित्सा या दोन्ही वैद्यकाच्याच शाखा असल्या तरी एकीची पदवी दुसरीला पुरत नाही. इमारतींच्या बाबतीत मात्र पुरते असे गृहीत धरले गेले आहे.

परीक्षणाचे कौशल्य

हे कौशल्य वेगळे का मानावे, हे समजण्यासाठी तपासणीची प्रक्रिया थोडी तपशिलात पाहिली पाहिजे. कारण प्रमाणपत्राचे मोल शेवटी येथेच ठरते.

चांगल्या काँक्रिटमधील क्षारधर्मी वातावरणामुळे आतल्या सळईवर संरक्षक थर टिकून असतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो तसा हा क्षारधर्म कमी होत जातो. समुद्री हवेतील, किंवा बांधकामात न धुतलेली खाडीची रेती वापरली असल्यास त्या रेतीतील, क्लोराइड हाच परिणाम अधिक वेगाने घडवून आणते. सळई गंजू लागली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने ते काँक्रिटला आतून फाकवते. सळईच्या रेषेत भेग दिसते, मग पोपडा सुटतो, मग लाल झालेली सळई उघडी पडते. रहिवासी या टप्प्यावर गवंड्याला बोलावतात. तो प्लास्टर करून रंग देतो. रोग आत तसाच राहतो आणि पुढच्या परीक्षकाच्या डोळ्यांपासून लपतोही.

परीक्षकाच्या हाती यासाठी काही साधने आहेत. रिबाउंड हॅमर पृष्ठभागावर आपटून मागे किती उसळतो यावरून काँक्रिटच्या कठीणपणाचा आणि त्यावरून ताकदीचा अंदाज बांधला जातो. हे उपकरण स्वस्त, हाताळायला सोपे, आणि म्हणूनच सर्वाधिक वापरात आहे. गंमत अशी की कार्बनेशन झालेल्या जुन्या काँक्रिटचा पृष्ठभाग अधिक कठीण झालेला असतो. परिणामी ज्या खांबाचे संरक्षण संपले आहे तोच खांब या चाचणीत अधिक सशक्त भासू शकतो. याविषयीच्या १९९२ च्या भारतीय मानकातच अशा काँक्रिटच्या ताकदीचा अंदाज फुगू शकतो, असा इशारा होता. ज्याला हे ठाऊक आहे तो पृष्ठभागाचा थर घासून चाचणी घेतो किंवा दुसऱ्या चाचणीची जोड देतो. ज्याला ठाऊक नाही तो आकड्यांचे सुबक कोष्टक अहवालाला जोडतो. दोन्ही अहवालांवर परवान्याचा क्रमांक असतोच.

अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रिटमधून जाणाऱ्या तरंगांची गती मोजतात. त्याच काळातील मानकानुसार ही गती सेकंदाला ४.५ किलोमीटरहून अधिक असल्यास काँक्रिट उत्तम, ३ किलोमीटरहून कमी असल्यास संशयास्पद मानले जाई. पण ओलसर काँक्रिटमधून तरंग जलद जातात. जुलै महिन्यात गळक्या शौचालयाखालच्या तुळईवर घेतलेले वाचन आणि मार्चमधील वाचन सारखे धरता येत नाही. फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण ताज्या फोडलेल्या काँक्रिटवर शिंपडले की क्षारधर्म शाबूत असलेला भाग गुलाबी होतो, गेलेला भाग बेरंग राहतो. गुलाबी रेषा सळईच्या पलीकडे सरकली असेल तर निदान जवळजवळ हाती आले. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अकरावीचा विद्यार्थी वापरतो तेच हे द्रावण होय. हाफ-सेल पोटेन्शियल चाचणी गंजाची शक्यता दाखवते. तांबे-मोरचुदाच्या विद्युत्घटाशी तुलना करता वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण आल्यास त्या वेळी गंज चालू असण्याची संभाव्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. अखेरीस काँक्रिटचा दंडगोल, म्हणजे कोअर, कापून काढून तो प्रत्यक्ष दाबून तोडणे हा अधिक थेट, पण खर्चिक व रहिवाशांना नकोसा वाटणारा मार्ग उरतो.

चाचण्यांपेक्षाही कठीण भाग म्हणजे चाचणी कोठे घ्यायची हे ठरवणे. जिन्याखालचा खांब, पाण्याच्या टाकीखालची चौकट, मोरी व शौचालयाची बुडवलेली स्लॅब, बंद केलेली गॅलरी, कुलूप लावून परगावी गेलेल्या सभासदाची सदनिका. धोका बहुधा अशा ठिकाणी दडलेला असतो. सोयीच्या ठिकाणी, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, वीस वाचने घेऊन परीक्षण उरकता येते. कोणत्या सदनिकांत प्रवेश मिळाला नाही हे अहवालात नोंदवणारा परीक्षक आणि न नोंदवणारा परीक्षक यांतील फरक कोणत्याही पदवीपत्रावर दिसत नाही.

सहीमागची माणसे

२७ जून २०२२ च्या रात्री कुर्ल्याच्या नाईकनगर सोसायटीतील इमारतीचा भाग कोसळून १९ जण मृत्युमुखी पडले. पालिकेने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार ही इमारत पूर्वी पाडण्यायोग्य, म्हणजे सी-१ वर्गात गणली गेली होती. नंतर दुसऱ्या सल्लागाराच्या अहवालाच्या आधारे ती दुरुस्तीयोग्य, म्हणजे सी-२ वर्गात गेली. मुंबईतील वर्गवारीत सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावयाची, सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची, सी-२ ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावयाची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. एका अक्षराच्या व आकड्याच्या या फरकावर कुटुंबाने घर सोडायचे की नाही हे ठरते.

दोन परवानाधारक अभियंत्यांचे दोन निष्कर्ष परस्परविरोधी निघणे ही मुंबईत अपवादाची बाब राहिलेली नाही. मालक किंवा पुनर्विकासास उत्सुक गटाला सी-१ हवे असते, घर सोडण्यास धास्तावलेल्या भाडेकरूंना सी-२ हवे असते आणि दोघेही आपापला परीक्षक नेमून त्याचे शुल्क भरतात. हा तंटा वारंवार न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आणि परस्परविरोधी अहवालांची छाननी तांत्रिक सल्लागार समितीकडे सोपवण्याची पद्धत रूढ झाली. समितीची आवश्यकता भासावी, यातच एकट्या परवान्याच्या मोलाविषयी बरेच काही सांगितले गेले आहे.

इमारतीऐवजी पुलाचे असले तरी हिमालय पुलाचे उदाहरण येथे टाळता येत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला आणि ७ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी झालेल्या संरचनात्मक लेखापरीक्षणात तो किरकोळ दुरुस्तीच्या वर्गात ठेवण्यात आला होता. दुर्घटनेनंतर परीक्षकास आणि पालिकेच्या अभियंत्यांना अटक झाली. आपल्याकडे परीक्षकाचे उत्तरदायित्व असे फौजदारी मार्गाने, आणि तेही माणसे मेल्यावर, सुरू होते. सदोष अहवाल लिहिणाऱ्याची व्यावसायिक चौकशी दुर्घटनेपूर्वी करणारी, त्याची सनद निलंबित करणारी वैधानिक परिषद नाही. पालिका आपल्यापुरती नोंदणी रद्द करू शकते, परंतु ती कारवाई त्या पालिकेच्या हद्दीपुरती. दहिसर चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदर महानगरपालिकेची हद्द सुरू होते आणि त्या पालिकेची संरचना अभियंत्यांची यादी स्वतंत्र असते. खाडीचा वारा मात्र नाक्याच्या दोन्ही बाजूंना तोच वाहतो.

गुजरातने या दिशेने एक पाऊल टाकले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादसारख्या केंद्रबिंदूपासून दूरच्या शहरातही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यानंतर २००६ मध्ये त्या राज्याने व्यावसायिक स्थापत्य अभियंत्यांसाठी स्वतंत्र अधिनियम केला. महाराष्ट्राने, किल्लारीचा अनुभव १९९३ मध्येच घेतलेला असूनही, असा कायदा केलेला नाही.

अन्य देशांचा अनुभव

सिंगापूरमध्ये १५ मार्च १९८६ रोजी हॉटेल न्यू वर्ल्डची इमारत कोसळून ३३ जण मृत्यू पावले. चौकशीत आढळले की इमारतीचे आरेखन पात्र अभियंत्याने नव्हे, तर एका ड्राफ्ट्समनने केले होते आणि हिशेबात इमारतीचे स्वतःचे वजनच धरले गेले नव्हते. १९८९ च्या कायद्याने तेथे ठरावीक मुदतीने संरचनात्मक तपासणी सक्तीची झाली. निवासी इमारतींसाठी दर १० वर्षांनी, अन्य इमारतींसाठी दर ५ वर्षांनी. तपासणी करणारा नोंदणीकृत व्यावसायिक अभियंता असावा लागतो आणि त्या इमारतीत त्याचा व्यावसायिक वा आर्थिक हितसंबंध नसावा, अशी अट आहे. या दुसऱ्या अटीचे महत्त्व पहिलीपेक्षा कमी नाही. मुंबईत ज्या अभियंत्याने परीक्षण केले त्यालाच पुढे दुरुस्तीचा सल्लागार नेमण्याची प्रथा सर्रास आढळते. दुरुस्तीच्या खर्चावर टक्केवारीने शुल्क मिळणार असेल तर निदानावर त्याची छाया पडणे स्वाभाविक आहे.

इंग्लंडमध्ये १४ जून २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जणांचा बळी गेल्यानंतर २०२२ चा इमारत सुरक्षा कायदा आला. एप्रिल २०२४ पासून तेथे इमारत निरीक्षक हा नोंदणीकृत व्यवसाय ठरला आहे. निरीक्षकांचे वर्ग पाडले असून पहिल्या वर्गातील उमेदवाराने वरिष्ठाच्या देखरेखीखालीच काम करावयाचे असते. केवळ पदवी पुरत नाही, सक्षमतेचे मूल्यमापन द्यावे लागते आणि ते निरीक्षणाच्या कामाविषयीच असते. अमेरिकेत इंटरनॅशनल कोड कौन्सिलच्या परीक्षा निवासी इमारती, व्यापारी इमारती, विद्युत, नळकाम अशा स्वतंत्र शाखांत होतात आणि अनेक स्थानिक संस्था निरीक्षकाच्या नेमणुकीसाठी त्या मागतात.

तथापि प्रमाणपत्रावर भाबडा विश्वास ठेवणाऱ्यांनी फ्लोरिडातील सर्फसाइडची घटनाही वाचावी. २४ जून २०२१ रोजी तेथील १२ मजली इमारत कोसळून ९८ जण ठार झाले. २०१८ मध्ये एका अभियंत्याने अहवालात गंभीर संरचनात्मक हानी नोंदवली होती. त्याच वर्षी पुढील महिन्यात नगर प्रशासनाच्या इमारत अधिकाऱ्याने रहिवाशांच्या मंडळाला इमारत उत्तम स्थितीत दिसते असे सांगितले, हे त्या सभेच्या इतिवृत्तात नोंदलेले आहे. इमारत खात्याचा प्रमुख म्हणून त्याच्या शब्दाला वजन होते. अभियंत्याचा अहवाल मंडळाकडे होता. दोन्ही कागद असूनही दुरुस्ती वेळेत झाली नाही. २०२२ मध्ये त्या राज्याने जुन्या इमारतींच्या तपासणीचा नवा कायदा केला आणि त्यातही वयाची मर्यादा सर्वसाधारणतः ३० वर्षे ठेवली. मुंबईच्या कलम ३५३ ब मधील आकडाही तोच आहे.

प्रमाणपत्राच्या कक्षेबाहेर

स्थैर्याचे प्रमाणपत्र हे एका तारखेचे असते, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. बोरिवली पश्चिमेतील लक्ष्मी छाया ही सात मजली इमारत १८ जुलै २००७ रोजी आणि घाटकोपरची साईदर्शन ही इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली. पहिल्या दुर्घटनेत सुमारे ३० आणि दुसरीत १७ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांमुळे इमारतीचा आधार दुबळा झाल्याचा ठपका ठेवला गेला. अशा वेळी आदल्या महिन्याचे निर्दोष प्रमाणपत्रही निरुपयोगी ठरते. तळमजल्याच्या दुकानातून हातोड्याचे आवाज येऊ लागले असता पालिकेला कळवणारा शेजारी हाच त्या दिवसापुरता खरा परीक्षक असतो.

दुसरी मर्यादा अधिक व्यापक आहे. ९ जून २०२१ च्या रात्री मालाडच्या मालवणी भागात घर कोसळून आठ मुलांसह १२ जण दगावले. लगेच दुसऱ्या दिवशी दहिसर पूर्वेस केतकीपाडा परिसरात घरे कोसळून एकाचा मृत्यू झाला. ही घरे आराखड्याशिवाय, अभियंत्याशिवाय, मजल्यावर मजला चढवत बांधली जातात. त्यांना ना भोगवटा दाखला असतो, ना गृहनिर्माण संस्था, ना परीक्षक नेमणारी सर्वसाधारण सभा. परवाना आणि प्रमाणपत्र यांची सारी यंत्रणा नियमित इमारतींभोवती उभी आहे. ज्यांना तिची सर्वाधिक गरज, ते तिच्या कक्षेतच येत नाहीत. अशा वस्त्यांत निदान धोक्याची लक्षणे ओळखणारा, पदविकाधारक का होईना, प्रशिक्षित निरीक्षक उपलब्ध करून देणे हा प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचा कदाचित सर्वात उपयुक्त भाग ठरेल. तेथे स्थैर्याचा दाखला नको आहे, ‘आज रात्री येथे झोपू नका’ असे खात्रीने सांगणारा माणूस हवा आहे.

महाविद्यालयांचा संबंध

पदवीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी आय. एस. ४५६ : २००० या संहितेनुसार नवीन तुळई व खांब यांचे आरेखन वर्षानुवर्षे करतो. जुन्या इमारतीचे मूल्यमापन व दुरुस्ती हा विषय बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो. अभ्यासक्रमाची रचना झाली तेव्हा देश बांधत होता. आता उपनगरेच्या उपनगरे वयस्क झाली आहेत. या पोकळीत अल्पमुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम निघू लागले तर नवल नाही. त्यांचे मोल जोखताना तासिकांची संख्या किंवा संस्थेचे नाव यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्या लागतील. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष जुन्या इमारतीत किती तपासण्या केल्या, आणि त्याच्या निष्कर्षाची पडताळणी कोणी केली. व्हीजेटीआय किंवा आयआयटी मुंबई यांसारख्या संस्थांचे मत पालिका व न्यायालये मागवतात ते त्यांच्या प्रयोगशाळांमुळे जेवढे, तेवढेच त्यांना इमारत पाडण्यात वा राखण्यात स्वारस्य नसते म्हणूनही.

हा विषय अभियांत्रिकीच्या शिक्षकांवर सोडून देण्याचे कारण नाही. गृहनिर्माण संस्थांचे हिशेब पाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात सहकार व लेखाकर्म पदविकेची जुनी परंपरा आहे. वाणिज्य शाखेतून ही पदविका घेणारा विद्यार्थी उद्या एखाद्या संस्थेचा व्यवस्थापक किंवा लेखापरीक्षक होतो. परीक्षकासाठी दरपत्रके मागवणे, सर्वात कमी दराचे स्वीकारणे आणि अहवाल कपाटात ठेवणे हे सारे त्याच्या नजरेखालून जाते. दरपत्रकासोबत नोंदणीची प्रत, घ्यावयाच्या चाचण्यांची यादी, प्रत्येक मजल्यावरील चाचणीची ठिकाणे आणि दुरुस्तीच्या कामात स्वारस्य नसल्याचे लेखी निवेदन मागावे, एवढे त्याला वर्गात सांगितले गेले तरी सभेतील चर्चेची पातळी बदलेल. विधी शाखेच्या अध्यापकांना परस्परविरोधी अहवालांच्या खटल्यांत पुराव्याच्या कायद्याचा उत्तम पाठ सापडेल.

आणखी एक बाब. कलम ३५३ ब निवासी इमारतींपुरते मर्यादित नाही. उपनगरांतील अनेक महाविद्यालये १९६० ते १९९० या तीन दशकांत उभी राहिली. त्यांच्या इमारती तिशीच्या पुढे गेल्या आहेत. ग्रंथालयाच्या स्लॅबवर कपाटांचे वजन दरवर्षी वाढते, गच्चीवर सौरपट्ट्या व पाण्याच्या टाक्या बसवल्या जातात, वर्ग वाढवण्यासाठी भिंती काढल्या जातात. मूल्यांकन समितीच्या भेटीसाठी रंगरंगोटी झालेल्या खांबाच्या आत काय आहे, हे रंगावरून कळत नाही. आपल्या महाविद्यालयाचे स्थैर्य प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे, त्यावर कोणाची सही आहे आणि तपासणीच्या वेळी ग्रंथालयाखालच्या तुळया पाहिल्या गेल्या होत्या काय, हे कार्यालयात विचारण्याचा अधिकार त्या इमारतीत रोज उभे राहून शिकवणाऱ्या प्रत्येकाला आहे.